बारबाहेर मारामारी झाली, आता परवान्याचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पब’ अशी पाटी जळगाव-धुळ्याकडे क्वचितच दिसते. आपल्याकडे असते ती परमिट रूम. पुढे शेवभाजीचं फॅमिली रेस्टॉरंट, मागे काळ्या काचेचा दरवाजा. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बारसमोर राहणारी माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात आणि खुर्चीत बसता बसता एकच विचारतात, “आते काय करानं भो?” प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. बारमालकही येतात. त्यांचेही प्रश्न यात आहेत.

मारामारी रस्त्यावर झाली, बारच्या आत नाही. मग बारला कसं धरणार?

खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे याच्या पोटात येतात. बारमालकाचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “साहेब, दाराबाहेर कोण काय करतं ते आम्हाला काय माहीत?” हे निम्मं खरं आहे. गिऱ्हाईक बिल देऊन गेलं, दोन चौक ओलांडून स्टँडवर कुणाला भिडलं, तर त्याचं खापर बारवर फोडता येत नाही.

पण परवाना माणसासोबत जागेलाही बांधलेला असतो. उत्पादन शुल्क खात्याकडे त्या जागेचा मंजूर नकाशा असतो. त्यात काउंटर कुठे, बसायची जागा कुठे, दारं किती, सगळं आखलेलं असतं. रस्त्यावरच्या राड्याचा धागा या नकाशापर्यंत नेऊन जोडायचा, एवढंच आपलं काम. वेळ संपल्यावर आत दारू दिली जात होती का? मारामारी करणारे तिथूनच उठून आले का? त्यांच्यात कमी वयाचं कुणी होतं का? मारणाऱ्यांत बारचे वेटर होते का? यातल्या एकाचं उत्तर पुराव्यासह ‘हो’ आलं की ‘दाराबाहेरचं’ हा शब्द लंगडा पडतो.

माझ्याकडच्या एका प्रकरणात सगळं फिरलं ते सहा लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. उन्हाळ्यात आत उकडतं म्हणून बारवाला रात्री गटारीच्या फरशीवर खुर्च्या टाकायचा. समोरच्या गच्चीवरून एका काकूंनी फोटो काढला होता, कारण त्यांची स्कूटी अडकायची. फोटोत वेटर वाकून ग्लास ठेवतोय आणि मागे शटरची कड स्वच्छ दिसतेय. मंजूर नकाशा शटरपाशी संपत होता. पंधरा दिवसांनी डोकी फुटली ती त्याच फरशीवर. बार स्वतःच रस्त्यावर आला होता, हे सांगायला मग वेगळ्या युक्तिवादाची गरज उरली नाही.

रात्री राडा सुरू असताना काय करायचं?

११२ ला फोन करा. मध्ये पडू नका. गच्चीतून ओरडूही नका, बाटल्या वरही येतात. तो फोन महत्त्वाचा आहे, कारण त्याची तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलं जातं. सहा महिन्यांनी ‘इथे सतत भांडणं होतात’ असं तुम्ही म्हणाल तेव्हा ते तोंडी राहत नाही. ओळखीच्या हवालदाराच्या मोबाइलवर केलेला फोन मात्र कुठेच उमटत नाही. गल्लीतली निम्मी माणसं नेमकी हीच चूक करतात, आणि वर म्हणतात, “आम्ही किती वेळा कळवलं!”

परवाना देतं कोण, आणि काढतं कोण?

राज्यात यासाठी १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे. नावात बंदी आहे, पण परवान्याचा सगळा व्यवहार त्याच कायद्याखाली चालतो. बारचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात येतो. कागद फिरतो तो राज्य उत्पादन शुल्काच्या जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयातून. तिथले निरीक्षक आणि दुय्यम निरीक्षक तपासणी करतात.

खान्देशात कुठेही पोलीस आयुक्तालय नाही. तिन्ही जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक आहेत आणि जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारीच. म्हणून परवाना आणि सार्वजनिक शांतता हे दोन्ही विषय एकाच टेबलावर येतात. अर्ज लिहिताना याचा फायदा घ्या. वर जिल्हाधिकाऱ्यांचं नाव, खाली प्रत अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना आणि दुसरी प्रत पोलीस अधीक्षकांना. नगरसेवकाला प्रत दिली तरी चालेल, पण आवक क्रमांक त्याच्याकडे मिळत नाही.

आमच्या समोरचं दुकान नेमकं कसलं आहे, हेच कळत नाही.

आधी ते कळून घ्या. निम्मे अर्ज इथेच चुकतात. परमिट रूम म्हणजे एफएल-३: बसून पिण्याची जागा. वाईन शॉप म्हणजे एफएल-२: बाटली घ्या आणि घरी जा, तिथे उभं राहून पिता येत नाही. बिअर शॉपी वेगळी. देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-३. आणि पाचवा प्रकार म्हणजे ज्याच्याकडे परवानाच नाही: हायवेवरचा ढाबा, जिथे ‘बाहेरून आणा, इथे बसा, सोडा आमचा घ्या’ असं चालतं. अशा ढाब्याचा परवाना रद्द करा म्हणून अर्ज करणारे मी पाहिलेत. जो कागद नाहीच तो रद्द काय करणार? तिथे कलम ६८ खाली चालकावर आणि कलम ८४ खाली पिणाऱ्यांवर गुन्हा होतो.

परवानाधारक दुकानाच्या पाटीवर किंवा आतल्या भिंतीवर प्रकार आणि क्रमांक सापडतो. सापडला नाही तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एकाच विषयाला धरून दीडशे शब्दांच्या आत लिहा. परवान्याची प्रत, अटी, मंजूर नकाशा, नोकरनामे आणि मागच्या तीन वर्षांत नोंदलेल्या नियमभंगाच्या प्रकरणांची माहिती मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. नोकरनामा म्हणजे बारमध्ये काम करणाऱ्या माणसाची खात्याकडची नोंद. मारामारीत ओळखलेला वेटर त्या यादीत नसेल तर तो मुद्दा स्वतंत्रपणे उभा राहतो.

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो तिकडे रहिवासीच परवान्याचा ‘रिव्ह्यू’ मागतात. आपल्याकडे तसं आहे?

तसं सरळ नाही. इंग्लंडमध्ये २००३ चा लायसन्सिंग ॲक्ट आहे. तिथे रहिवासी, पोलीस, कुणीही स्थानिक कौन्सिलकडे पबच्या परवान्याच्या फेरविचाराचा रीतसर अर्ज करू शकतं. कारण मात्र चार उद्दिष्टांपैकी एकाला धरून हवं: गुन्हे आणि गोंधळ रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, मुलांचं संरक्षण. मग २८ दिवस इतरांना बाजू मांडायला मिळतात आणि नगरसेवकांची समिती सुनावणी घेते. ती अटी वाढवू शकते, वेळ कापू शकते, व्यवस्थापक बदलायला लावू शकते, तीन महिन्यांपर्यंत निलंबन करू शकते किंवा परवानाच काढून घेऊ शकते. गंभीर हिंसा असेल तर पोलिसांच्या अर्जावर ४८ तासांत तात्पुरती पावलं उचलता येतात. तरीही पबच्या लगतचा परिसर ओलांडल्यावर माणूस काय करतो ही त्याची स्वतःची जबाबदारी, असं तिथलं सरकारी मार्गदर्शनही म्हणतं. म्हणजे दाराबाहेरचा वाद तिकडेही सुटलेला नाही.

आपल्या कायद्यात रहिवाशाने भरायचा असा नमुना नाही. अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा, तो वापरायला लावणारी माहिती आपण पुरवायची. म्हणून अर्जात ‘माझा हक्क’ या शब्दापेक्षा ‘आपल्या अधिकारात’ हा शब्द जास्त कामाचा.

नेमक्या कोणत्या कलमाखाली कारवाई होते?

दारूबंदी अधिनियमाची तीन कलमं लक्षात ठेवा.

कलम ५४ मध्ये परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणं दिली आहेत. त्यात आपल्या उपयोगाचं कारण म्हणजे परवानाधारकाने किंवा त्याच्या नोकराने अट मोडली. ‘नोकराने’ हा शब्द अधोरेखित करा. मालक त्या रात्री शिरपूरला लग्नाला गेला होता, हा बचाव तिथे टिकत नाही. या कलमाखाली रद्द झालेल्या परवान्याची फीही परत मिळत नाही.

कलम ५६ हे ५४ मध्ये न बसणाऱ्या कारणांसाठी आहे. अट मोडल्याचं सिद्ध होत नाही, पण बार तिथे असणंच परिसराला जड झालंय, अशा वेळी याचा विचार होतो. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, किंवा कारणं नोंदवून तात्काळ, परवाना रद्द करता येतो. हे कलम क्वचित वापरलं जातं, आणि ते बरंच आहे, नाहीतर राजकीय हिशेब चुकते करायला ते फार सोयीचं पडलं असतं.

तिसरं कलम १४२. मला हे सर्वात जवळचं वाटतं. सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी लेखी आदेशाने दारूचं ठिकाण ठराविक वेळ किंवा ठराविक मुदतीसाठी बंद ठेवायला सांगू शकतात. दंगल होण्याच्या बेतात असेल किंवा झालीच, तर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी जागच्या जागी बंद करायला लावू शकतो. दोघांपैकी कुणीच हजर नसेल तर परवानाधारकाने स्वतःहून शटर ओढायचं, असंही त्यात आहे. हे शेवटचं वाक्य किती बारमालकांना माहीत असतं देव जाणे. बाहेर काठ्या निघाल्यात आणि आत पुढची क्वार्टर टेबलावर जातेय, हे मग नुसतं दुर्लक्ष राहत नाही.

याशिवाय प्रांतसाहेबांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. जुन्या संहितेत हे कलम १३३ होतं, स्टँप वेंडरकडचे छापील नमुने अजून त्याच आकड्याचे असतात. आकडा बदलून घ्या.

अर्जात काय लिहायचं?

आधी काय लिहू नये ते सांगतो, कारण ते मी स्वतः लिहून बसलो आहे. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी, आमच्याच कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बारविरुद्ध मी तीन पानी अर्ज केला. त्यात संस्कृती होती, तरुण पिढी होती, आयाबहिणींची कुचंबणा होती, साने गुरुजींची अमळनेरची पुण्यभूमीही होती. तारीख एकही नव्हती. ज्या कार्यालयात दिला तिथून दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: घटना मंजूर जागेच्या बाहेर घडल्याने परवान्याच्या अटींचा भंग दिसून येत नाही. राग आला, पण त्या ओळीत चूक काय होती? माझ्या अर्जात दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

आता मी लोकांना शंभर पानी वही घ्यायला लावतो. प्रत्येक घटनेला एक ओळ: वार, तारीख, वेळ, काय झालं, ११२ ला फोन कुणी केला, पोलीस किती वाजता आले, बार तेव्हा उघडा होता की बंद. ‘रात्री उशिरा’ असं लिहायचं नाही. १२.४० लिहायचं. परवान्यावरच्या वेळेनंतरची नोंद लाल पेनाने. कुणी पाहिलं त्याने त्याच दिवशी सही करायची, महिन्याच्या शेवटी एकदम सह्या करायच्या नाहीत. शाई एकसारखी दिसली की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. मीही बसलो असतो.

अर्ज स्वतः दीड पानाचा. पहिल्या परिच्छेदात दुकान, परवाना क्रमांक, पत्ता. दुसऱ्यात घटना तारखेप्रमाणे, गुन्हा दाखल झाला असल्यास त्याचा क्रमांक. तिसऱ्यात प्रत्येक घटनेचा बारशी संबंध कसा, ते एका एका वाक्यात. चौथ्यात मागणी. आणि मागणी एकाच टोकाची नको. ‘परवाना रद्द करावा’ इथेच थांबलात तर अधिकाऱ्यापुढे होय किंवा नाही एवढंच उरतं, आणि नाही म्हणणं नेहमीच सोपं. ‘चौकशी करून कलम ५४ खाली निलंबन किंवा रद्द करण्याची कारवाई व्हावी, तोपर्यंत कलम १४२ खाली बंद होण्याची वेळ अलीकडे आणावी, मंजूर जागेची मोजणी व्हावी’ असं लिहिलं की काहीतरी हातात पडतं. दहापैकी सात लोकांना खरं तर बार बंद नको असतो, झोप हवी असते.

आमच्याकडे व्हिडिओ आहे. तेवढा पुरे ना?

व्हॉट्सॲपवर फिरलेला व्हिडिओ पुरावा म्हणून दुबळा. ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल आणि मूळ फाइल जपून ठेवा. कोर्टात न्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आधी ते ६५-ब होतं.

बारच्या दारावरचा कॅमेरा जास्त बोलतो, पण त्याची आठवण फार छोटी असते. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं चित्रीकरण ताब्यात घ्यावं. शेजारच्या सोनाराचा किंवा मेडिकलचा कॅमेराही त्याच अर्जात लिहा. बारवाल्याचा कॅमेरा नेमका त्या रात्री ‘बिघडलेला’ असतो, सोनाराचा सहसा बिघडत नाही.

पोलीस म्हणतात, आपसात मिटवा. गुन्हाच घेत नाहीत.

दखलपात्र गुन्हा असेल तर घ्यावाच लागतो. न घेतल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा. रजिस्टर्ड पावती ठेवा. पुढची पायरी न्यायदंडाधिकारी. साधी शिवीगाळ, ढकलाढकली असेल तर अदखलपात्र नोंद होते, तिचीही प्रत मागून घ्या. नशेत रस्त्यावर गोंधळ घालणाऱ्यावर दारूबंदी अधिनियमाचं कलम ८५ लागतं. परवान्याच्या सुनावणीत अशा छोट्या नोंदींची चळतच जास्त वजनदार ठरते. एका मोठ्या मारामारीला ‘अपवाद’ म्हणता येतं. अकरा नोंदींना काय म्हणणार?

आणि ‘मिटवलं’ तर? ज्याला मार लागला त्याने तडजोड केली म्हणून परवान्याचा मुद्दा संपत नाही. ते भांडण त्या दोघांचं, परवाना शासनाचा.

अर्जदाराचं नाव बारमालकाला कळतं का? आम्हाला भीती वाटते.

कळतं. नोटिशीला उत्तर देताना त्याला तक्रारीची प्रत लागते आणि ती मिळणं न्यायाचंच आहे. निनावी अर्जाचा उपयोग फार तर एखाद्या अचानक तपासणीपुरता. म्हणून एकट्याने सही करू नका. तालुक्याच्या गावात बारमालक कुणाचा तरी जिभाऊ असतो, कुणाचा शालक असतो, आणि मंडळाच्या गणपतीची वर्गणी तोच सर्वात जास्त देतो. सह्या करायला पंधरा घरं तयार होतात, अर्ज द्यायच्या दिवशी सात उरतात. सात पुरतात. धमकी आली तर ती वेगळी तक्रार, त्याच दिवशी.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे सगळ्यांनी मिळून जाणं एकट्याच्या चकरांपेक्षा बरं. सोबत केळीच्या बागा सोडून आलेले दोन वयस्कर आप्पा-नाना असले की बोलणं आपोआप सभ्य राहतं, दोन्ही बाजूंनी.

मी बारमालक आहे. भांडण माझ्या गिऱ्हाइकांनी केलं, मी काय करायचं?

पहिला फोन तुम्हीच करा. ११२ च्या नोंदीत बारचा नंबर दिसला तर तुमच्या बाजूचा तो सर्वात मोठा कागद ठरतो. कॅमेऱ्याचं चित्रीकरण स्वतःहून पेन ड्राइव्हवर काढून ठाण्यात द्या आणि पोच घ्या. कारणे दाखवा नोटीस आली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या, ‘वकील बाहेरगावी होते’ हे कारण कुणालाच नवं नाही. उत्तरात काय सुधारलं ते लिहा: बाहेरचे दिवे, दारावर माणूस, शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी, वयाची खात्री. बिअर आणि वाईनला २१ वर्षं, बाकी दारूला २५, हे तुमच्या वेटरला झोपेतही सांगता आलं पाहिजे.

दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात सांगितलं आहे. ‘माझा व्यवसायाचा हक्क’ यावर फार भिस्त ठेवू नका. पण म्हणून म्हणणं ऐकून न घेता परवाना काढता येतो असंही नाही. सुनावणी हा तुमचा हक्क आहे आणि तो मी कुठल्याही रहिवाशापुढे तितक्याच जोराने मांडीन. बारमध्ये भांडी घासणाऱ्या, चकणा तळणाऱ्या पोरांची घरं त्या परवान्यावर चालतात. कॉलनीच्या बैठकीत हे बोललं की लोक माझ्याकडे वाकडं बघतात.

बारसमोरच्या भुर्जीच्या गाडीमुळे गर्दी होते. ती बारच्या नावावर कशी?

गाडी बारची नसेल तर बारच्या नावावर नाही. ती नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा विषय. मात्र बारमधून बाटली ‘पार्सल’ जाते आणि गाडीवर रिचवली जाते, असं दिसलं तर दोन्ही धागे जुळतात. एफएल-३ हा बसून पिण्याचा परवाना आहे.

हायवेवरच्या बारला ५०० मीटरचा नियम लागतो ना?

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागासाठी अंतर २२० मीटर झालं, जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीतल्या परवान्यांना त्यातून मोकळीक मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या बाबतीत राज्यांवर सोपवलं गेलं. त्यामुळे जळगाव शहरातून किंवा धुळ्यातून जाणाऱ्या महामार्गाकडे बोट दाखवून बार बंद होईल ही आशा सोडा. मारामारीचा मुद्दा धरा.

त्यापेक्षा गावात मतदान घेऊन ‘आडवी बाटली’ केली तर?

ती वेगळी वाट आहे, आणि ज्या गावाला दारूच नको त्या गावासाठी आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानापैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी. ऊसतोडीला किंवा सुरतेला गेलेल्या बायका यादीत असतात पण रांगेत नसतात, आणि तिथेच गणित फसतं. मतदान दिवाळीनंतर घ्यायचं की पावसाळ्यात, हे आपल्याकडे म्हणूनच फार विचारपूर्वक ठरवावं लागतं.

सातपुड्याच्या पायथ्याला आणखी एक वाट आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेल्या, क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आहे. राज्याचे नियम २०१४ चे. ग्रामसभेचा ठराव नीट लिहिलेला असावा: हजेरी, सह्या, विषयपत्रिकेत तो विषय आधीपासून असणं. नुसतं ‘सर्वानुमते बंद’ लिहून भागत नाही. मोहाची घरगुती दारू आणि परमिट रूम यांची गल्लत त्या ठरावात करू नका, नाहीतर ग्रामसभेतच दोन तट पडतात.

अर्ज दिल्यावर किती दिवस लागतात?

महिने लागतात. निरीक्षकाचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, नोटीस, उत्तर, सुनावणी, आदेश, अशी साखळी आहे. मध्येच निवडणूक लागली तर सगळं थंड. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर बारमालकाला ९० दिवसांत उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं, त्यानंतर शासनाकडे. तिथे स्थगिती मिळाली की बार दुसऱ्या दिवशी उघडतो आणि कॉलनीत ‘साहेबांना पैसे पोचले’ अशी कुजबुज सुरू होते. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. तुमचा अर्ज, वही आणि नोंदी अपिलाच्या फाइलमध्ये आहेत की नाही ते तपासा, नसतील तर प्रती पाठवा. शेवटी रिट, म्हणजे उच्च न्यायालयात याचिका, झालीच तर आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ. तिथे कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, टाकून ठेवणं शहाणपणाचं.

एक वेळ मात्र साधून घ्या. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी-फेब्रुवारीत नूतनीकरणाचे कागद हलत असतात, त्या सुमारास तुमची तक्रार फाइलला लागलेली असली तर ती वाचली जाण्याचा संभव जास्त. मे महिन्यात दिलेली तक्रार लग्नसराईच्या धुळीत जाते.

निलंबन झालं. आता?

आदेशाची प्रत घ्या आणि त्यातली शेवटची तारीख वहीत लिहा. निलंबनाच्या काळात मागच्या दाराने विक्री दिसली तर ती पुन्हा नवी नोंद, पुन्हा ११२. मुदत संपली की बार उघडेल, आणि तो उघडणं कायदेशीर आहे. त्या संध्याकाळी फटाके वाजतील, कदाचित मुद्दाम तुमच्याच दारासमोर. त्याला उत्तर देऊ नका. गटारीच्या फरशीवर खुर्च्या आल्या आहेत का, आणि शटर किती वाजता पडतं, एवढं गच्चीतून पाहून वेळ वहीत टाका.